कालवाच्या ब्लॉटमध्ये २५ किलोडाल्टनला जाड बँड: पीए२८ गॅमाचा तुटका तुकडा की भलतंच काही?

कालववाली (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन वाचा.

मी इथल्या एका छोट्या लॅबमध्ये प्रोजेक्ट फेलो आहे. विषय: खडकावरची कालवं आणि उन्हाळा. किनाऱ्यावरच्यांना माहीतच आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. म्हणजे पुनवेला-अवसेला भरती भर दुपारी असते, तेव्हा कालवं पाण्याखाली मजेत. खरी भाजतात ती भांगाच्या, म्हणजे छोट्या भरतीच्या, दिवसांत. अष्टमीला बाराच्या सुमारास सुकती (ओहोटी), त्यात मे महिना, खडकावर अनवाणी पाय ठेववत नाही. वरच्या ओळीतली कालवं शिंपला घट्ट मिटून बसतात, आत ऑक्सिजन संपत जातो आणि पेशीत एटीपीची, म्हणजे ऊर्जेची, टंचाई होते.

आता माझी कल्पना. २६एस प्रोटिअसोमला (पेशीतलं प्रोटीन मोडणारं यंत्र) खराब प्रोटीन मोडायला एटीपी लागतं, आधी त्या प्रोटीनवर युबिक्विटिनचा शिक्का लागतो. पण २०एसच्या, म्हणजे याच यंत्राच्या मधल्या, पिंपावर पीए२८ गॅमाचं झाकण बसलं, तर यातलं काहीच लागत नाही. मग कोंडून पडलेलं कालव या झाकणावर जास्त भिस्त ठेवत असेल का? सरांना कल्पना आवडली. अँटीबॉडी मागवली: सशातली पॉलिक्लोनल, मानवी पीए२८ गॅमावर बनवलेली, १०० मायक्रोलिटर, किंमत माझ्या एका महिन्याच्या फेलोशिपएवढी. पार्सल शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात पडून राहिलं. सोमवारी उघडलं तर जेल पॅक कोमट.

मग वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रोटीनं जेलमध्ये आकाराप्रमाणे (किलोडाल्टनमध्ये) पळवायची, पडद्यावर उतरवायची आणि हवं ते अँटीबॉडीने शोधायचं. केलं ते असं. अष्टमीला दुपारी वरच्या ओळीतली सहा आणि कायम पाण्यात असलेली सहा कालवं काढली. (तिथे कोयतीने कालवं फोडणाऱ्या बायका मला हसतात. "एवढ्याशा कालवांचं कालवण कोणाला पुरायचं?") कल्ले बर्फावर कापून लायसेट (पेशी फोडून काढलेला रस) केलं. १२ टक्के जेल, लेनला ३० मायक्रोग्रॅम, पीव्हीडीएफ, बाजारात मिळाली त्या दूध पावडरचं ५ टक्के ब्लॉकिंग, अँटीबॉडी १:१००० रात्रभर ४ अंशाला, सेकंडरी (या पहिल्या, म्हणजे प्रायमरी, अँटीबॉडीला पकडणारी दुसरी) १:५०००. केमिल्युमिनेसन्सचं यंत्र आमच्याकडे नाही, म्हणून डीएबी हे रंग देणारं रसायन. बँड तपकिरी येतात.

लायसेटमध्ये ५५च्या आसपास एक ठसठशीत बँड आला. ३०ला, जिथे खरं तर यायला हवा, तिथे डोळे बारीक केले की काहीतरी आहे असं वाटतं. मग त्याच अँटीबॉडीने प्रोटीन ए बीड्सवर आयपी केला (अँटीबॉडीने हवं ते प्रोटीन रसातून ओढून काढणं), बीड्स उकळले, त्याच अँटीबॉडीने ब्लॉट केला. २५ला आणि ५०ला जाडजूड बँड! तापलेल्या कालवांत आणि पाण्यातल्या कालवांतही, दोन्हीकडे सारखेच.

सर म्हणतात २५चा बँड म्हणजे तुटलेलं पीए२८ गॅमा. पोस्टरवर घ्यायचं चाललंय. मला आतून खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. सांगा.

पनवेलची पिपेट

ताई, २५ आणि ५० एवढे मोजून मापून आले तिथेच कळलं. ती तुझ्या अँटीबॉडीची लाइट चेन आणि हेवी चेन. नुसते बीड्स आणि अँटीबॉडी, लायसेट अजिबात नाही, अशी लेन चालवली होतीस का? नसशील तर आजच चालव. आणि पुढच्या वेळी लाइट चेनच ओळखणारी सेकंडरी वापर, कटकट जाते.

देवगडचा गळवाला

गो बाये, दर्याकाठची ना तू? माशाक लावलेलो गळच माशाबरोबर वर इलो, आणि तू म्हणतंस नवीन मासो गावलो!

(पोस्टरच्या आधी विचारलंस ते बरं केलंस. मी पोस्टरनंतर विचारलं होतं.)

जुना जेलवाला (गुहागर, आधी परळ)

गळवाल्याने एका ओळीत सांगितलं तेच मी लांबण लावून सांगतो, निवृत्त माणसाला दुसरं काम काय. तीस वर्षं मुंबईत टेक्निशियन होतो. आमच्या वेळी फिल्मवर ब्लॉट घ्यायचो. फिल्म संपली की ओळखीच्या एक्स-रेवाल्याकडून चार उसन्या आणायच्या, लाल दिव्यात धुवायच्या. अशाच एका फिल्मवर हेच २५ आणि ५० मी एका मोठ्या डॉक्टरसाहेबांना "नवीन प्रोटीन" म्हणून दाखवले होते. त्यांनी चष्मा वर केला, बीड्सची बाटली दाखवली आणि काहीही न बोलता निघून गेले. म्हणून हे दोन आकडे मला पाठ आहेत.

सशाची आयजीजी (तुझी अँटीबॉडी तीच) म्हणजे दोन जड साखळ्या, प्रत्येकी ५०च्या घरात, आणि दोन हलक्या, प्रत्येकी २५च्या. सॅम्पल बफरमध्ये डीटीटी घालून उकळलीस की चारही सुट्या होतात. बीड्सवर कालवाचं प्रोटीन चिकटलं असेल नसेल, अँटीबॉडी मात्र मुबलक होती. ती उकळून खाली आली, जेलमधून पळाली, आणि सशाची आयजीजी ओळखणाऱ्या सेकंडरीने तिलाच पकडलं. तापलेल्या आणि थंड कालवांत बँड सारखा आला यात नवल ते काय. अँटीबॉडी दोन्हीकडे सारखीच घातली होतीस ना?

पनवेलच्या पिपेटचं निदान बरोबर, औषध उलटं. लाइट चेन ओळखणारी सेकंडरी घेतलीस तर ५०चा बँड जाईल आणि २५चा राहील. हिचं प्रोटीन पळतं ३०ला, म्हणजे नको असलेला बँड नेमका उशाशी येऊन बसणार. हिला हेवी चेनच, म्हणजे एफसी भाग ओळखणारी सेकंडरी हवी. किंवा अँटीबॉडी बीड्सना क्रॉसलिंक करून टाक, म्हणजे उकळताना ती सुटून येणार नाही. किंवा आयपी सशाच्या अँटीबॉडीने आणि ब्लॉट उंदराच्या. तिन्हीत पैसे जातातच.

आता लायसेटकडे. इथे उलटा विचार कर. कालवाच्या अंगात आयजीजी नसतेच, अँटीबॉडी हा प्रकार पाठीचा कणा असलेल्यांचा. तेव्हा लायसेटमधला ५५चा बँड आयजीजीचा असूच शकत नाही, तो कालवाचाच कोणीतरी आहे. पण पीए२८ गॅमा? सात जणांचं कडं करून बसतं ते, अख्खं २००च्या आसपास, पण एसडीएसमध्ये उकळल्यावर सातही सुटे होतात आणि एकेक ३०च्या जरा आसपास पळतो. ५५ला त्याचं काय काम? ब्लॉटच्या तीन पट्ट्या काप. एकीला प्रायमरी आणि सेकंडरी, दुसरीला फक्त सेकंडरी, तिसरीला काहीच नाही, थेट डीएबी. तिसरी यासाठी की डीएबी पेरॉक्सिडेजवर चालतं, आणि कल्ल्यांत हीमवाली प्रोटीनं असली तर अँटीबॉडी नसतानाही एखादा तपकिरी डाग उमटू शकतो.

दोन फुटकळ प्रश्न. दुधाच्या पाकिटावर काय लिहिलंय? आणि कल्ले धुतले होतेस का? खारं पाणी सॅम्पलमध्ये गेलं की लेन वाकड्या पळतात आणि मग ३० आहे की ३३, हे देवालाच ठाऊक.

पनवेलची पिपेट

काका, कबूल. माझं टार्गेट ५२ला पळतं, म्हणून लाइट चेनवाली सवय झाली. हिला उलटीच हवी.

कालववाली

पाकीट आत्ता बघितलं. डेअरी व्हाइटनर आहे. साखरेसकट. इथे दुकानात "दूध पावडर" मागितली की हेच देतात, चहाला बरं म्हणून.

कल्ले धुतले नव्हते. लेन वाकड्या पळाल्या होत्या, मला वाटलं माझा हात.

आणि त्या कोमट पार्सलचं काय? अँटीबॉडी मेली असेल का? सप्लायरला फोन केला तर म्हणाले, "मॅडम, सगळीकडे असंच जातं."

जुना जेलवाला

साखरेने ब्लॉट मरत नाही, पण ५ ग्रॅम तोललेस त्यात दुधाचं प्रोटीन किती आलं? ब्लॉकिंग पातळ, बॅकग्राउंड जास्त. स्किम्ड मिल्क पावडर आण, पाकिटावर साखर लिहिलेली नसावी, किंवा बीएसए घे.

पार्सलबद्दल: आयजीजी चिवट असते. दोन दिवस कोमट राहिली म्हणून मरत नाही. तिला मारतं ते पुन्हा पुन्हा गोठणं आणि वितळणं. ट्यूबवर ५० टक्के ग्लिसरॉल लिहिलंय का बघ. असेल तर उणे २०ला ती गोठणारच नाही, पातळच राहील. नसेल तर आजच दहा-दहा मायक्रोलिटरच्या ट्यूबा कर. आणि जो फ्रिज आपोआप बर्फ वितळवतो त्यात ठेवू नकोस, तो रोज थोडं वितळवतो आणि परत गोठवतो. लाईट जाते तेव्हा दार उघडायचं नाही, आत खारवलेल्या बर्फाच्या बाटल्या भरून ठेवायच्या. हे मी गुहागरला घरी माशांसाठी करतो, अँटीबॉडीलाही चालेल.

देवगडचा गळवाला

मी एक सुचवू? गॅमाने त्रास दिला तर पीए२८ अल्फाची अँटीबॉडी आमच्याकडे पडून आहे, फुकट देतो. बहीणच आहे त्याची.

जुना जेलवाला

बहीण खरी, पण कालवाच्या घरी जन्मलीच नाही. अल्फा आणि बीटा ही जोडी कणा असलेल्या प्राण्यांत आली. इंटरफेरॉन गॅमाने वाढते, पेशीतली प्रोटीनं कापून त्यांचे तुकडे एमएचसीवर, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना दाखवायच्या पाटावर, मांडायच्या कामी येते. कालवाला ना इंटरफेरॉन गॅमा ना एमएचसी. गॅमा मात्र जुना, बिनकण्याच्या प्राण्यांतही आहे, आणि बहुतेक केंद्रकातच बसलेला असतो. म्हणून कालववाली, लायसेट करताना सॉनिकेशन कर, केंद्रक नीट फुटू दे.

नावांचा घोळ तर विचारू नका. पीए२८ गॅमा, आरईजी गॅमा, ११एस गॅमा, पीएसएमई३, केआय अँटीजेन, सगळा एकच इसम. गावात बाळा, शाळेत दत्ताराम, सातबाऱ्यावर तिसरंच. आणि पीए२०० म्हणून जो मिळतो तो पीएसएमई४, वेगळाच, २००च्या घरातला. कॅटलॉग वाचताना घसरू नकोस.

या केआय नावाचीही गंमत आहे. लुपसच्या रुग्णांच्या रक्तात एका अनोळखी प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी सापडत होती. ते प्रोटीन म्हणजे प्रोटिअसोमचं झाकण, हे नंतर कळलं. म्हणजे या प्रोटीनच्या बाबतीत अँटीबॉडी आधी आली, ओळख मागाहून. तुझं अगदी उलट चाललंय, तुला प्रोटीन माहीत आहे आणि अँटीबॉडी कोणाला ओळखते ते माहीत नाही.

तेच शोधायचं तर पॉझिटिव्ह कंट्रोल हवा. मानवी पेशींचं लायसेट, हेला असेल तर उत्तम, पीए२८ गॅमा भरपूर असतं. त्यात ३०ला बँड नाही आला तर अँटीबॉडी किंवा पद्धत, दोन्हीपैकी काहीतरी बिघडलंय. आला, आणि कालवात नाही आला, तर अँटीबॉडी ठीक आहे पण कालवाला ओळखत नाही.

कालववाली

हेला आमच्याकडे नाही. सेल कल्चरच नाही. आमच्याकडे खाडी आहे.

पनवेलची पिपेट

माझ्याकडे ढीग आहे. बर्फाची भानगड नको, लायसेट सॅम्पल बफरमध्ये पाच मिनिटं उकळून पाठवते. उकळल्यावर प्रोटिएज मेले, एक रात्र प्रवासाला काही होत नाही. ४० मायक्रोलिटर, लेनला १० घाल. उद्याच्या रातराणीने एसटीच्या पार्सलला देते, सकाळी रत्नागिरी स्टँडवर घे. सोबत काही हवं?

कालववाली

नको, एवढंच खूप आहे. थँक्यू गं.

कालववाली (आठ दिवसांनी)

आले परत. क्रमाने सांगते.

बीड्स आणि अँटीबॉडी, लायसेट शून्य: २५ आणि ५०, तेवढेच जाड. सरांना ती लेन दाखवली. त्यांनी बराच वेळ पट्टी उजेडाकडे धरली, मग म्हणाले, "पोस्टरमधून काढ." एवढंच. मला वाटलं होतं ओरडतील.

तीन पट्ट्या: नुसत्या डीएबीवर काही नाही. फक्त सेकंडरीवर ५५चा बँड जसाच्या तसा. म्हणजे तो प्रायमरीचा नव्हताच, सेकंडरीच कालवातल्या कुणाला तरी चिकटते. स्किम्ड पावडर आणि टीबीएसटीच्या पाच धुण्यांनंतर तो अर्ध्यावर आलाय, पूर्ण गेला नाही.

आता हेला. ट्रान्सफर झाल्यावर पॉन्सो (सगळ्या प्रोटीनांना लागणारा लाल रंग) लावला, यावेळी लेन सरळ, लाल रेघा शिवणीच्या टाक्यांसारख्या एका रांगेत. डीएबी ओतलं आणि घड्याळ लावलं. दोन मिनिटांत हेलाच्या लेनमध्ये ३०च्या किंचित वर एक बारीक, स्वच्छ बँड उमटला, कोणी पेन्सिलीने ओढावा तसा. शेजारी कालवाच्या चार लेन. तिथे ३०ला काहीच नाही. दहा मिनिटं थांबले, डोळे बारीक केले, मोठे केले, नाहीच. पहिल्या ब्लॉटमधलं "काहीतरी आहे" हे माझं मन होतं.

सप्लायरला विचारलं की मानवी प्रोटीनच्या कुठल्या तुकड्यावर ही अँटीबॉडी बनवलीय, म्हणजे कालवाच्या सिक्वेन्सशी ताडून बघता येईल. उत्तर आलं, माहिती गोपनीय आहे.

जुना जेलवाला

गोपनीय असली तरी ताडून बघ. पॅसिफिक ऑयस्टरचा जीनोम २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यातलं गॅमाचं सिक्वेन्स काढ आणि मानवी सिक्वेन्सखाली मांड. तुझं कालव त्याचं चुलत भावंड, अगदी तेच नाही, पण अंदाज येतो. मधे एक तुकडा आहे जो अल्फा, बीटा आणि गॅमा या तिघांत एकमेकांशी अजिबात जुळत नाही. फक्त गॅमाच ओळखणारी अँटीबॉडी हवी असेल तर बनवणारे सहसा तिथेच हात घालतात. याउलट शेवटचं टोक २०एसच्या खाचेत बसतं आणि अ‍ॅक्टिव्हेशन लूप नावाचा दुसरा भाग तोंड उघडतो, ते काम बिघडू नये म्हणून असे भाग फारसे बदलत नाहीत. पुढची अँटीबॉडी घेताना तुकडा सांगणाऱ्याकडूनच घे, आणि तो कालवात जुळतो का ते आधी बघ.

देवगडचा गळवाला

आधी एमआरएनए बघ की. प्राइमर स्वस्त. तापल्यावर जीन वाढतंच नसेल तर अँटीबॉडीवर दुसरा महिना कशाला जाळायचा?

कालववाली

त्या जीनोमच्या पेपरमध्ये कालवाकडे हीट शॉक प्रोटीन ७०चीच ८८ जीन्स निघाली होती, म्हणजे उन्हाची तयारी जय्यत आहे. प्राइमर मागवलेत, तुमच्याच सल्ल्याने. पण एमआरएनए वाढलं म्हणून प्रोटीन वाढलं असं नाही, हे सर विचारणारच, आणि त्यांचं बरोबर असेल.

पनवेलची पिपेट

मग कालवाचं जीन ई. कोलायमध्ये घाल. ई. कोलायकडे ना हे प्रोटिअसोम ना पीए२८, म्हणजे पाटी कोरी. शेपटीला हिस टॅग (ओळखीची चिठ्ठी) लाव. हिसच्या अँटीबॉडीने बँड दिसला आणि तुझ्या अँटीबॉडीने नाही दिसला, तर ही अँटीबॉडी कालवाला आंधळी आहे, यावर शिक्का. आणि तेच प्रोटीन शुद्ध करून पुढे सशात नवीन अँटीबॉडी करता येईल. एथिक्स कमिटीची परवानगी, मग दोन-तीन महिने टोचणं, पण होते.

जुना जेलवाला

हे उत्तम. आणि टोचायच्या आधी सशाचं रक्त काढून ठेव. ते विसरतात लोक, आणि मग ५५ला कोण आहे म्हणून मला विचारतात.

कालववाली

क्लोनिंगला सर हो म्हणालेत. पोस्टरवर आता फक्त हेलाचा बँड, कालवाच्या रिकाम्या लेन आणि बीड्सची लेन आहे. शीर्षक अजून सुचत नाहीये.

पनवेल, तुझा हेलाचा डबा उद्याच्या गाडीने परत पाठवतेय. रिकामा डबा परत द्यायचा नसतो असं आई म्हणते, म्हणून सोबत सोलं आहेत, यंदाची.

जुना जेलवाला

लॅबच्या डब्यात खायची वस्तू भरायची नाही. किती वेळा सांगायचं.

कालववाली

काका, सोलं वेगळ्या पिशवीत आहेत. डबा धुवून निराळा बांधलाय.